चौदाचे दहा

कोविडची साथ चालू असताना, ऑगस्ट २०२०च्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीत एकच हिशेब चालला होता. गणेश चतुर्थी २२ तारखेला. मुंबईहून येणाऱ्याने चौदा दिवस वेगळं राहायचं तर त्याला सात-आठ तारखेच्या आत गाव गाठायला हवं. दहाच दिवस राहायचं असेल तर बारा तारखेला पोचला तरी चालतं. मधल्या चार-पाच दिवसांत पुष्कळ काही अडकलेलं होतं. रजा, पगार, गाडीभाडं, आणि मुंबईच्या चाळीत पाच महिने कोंडून घातलेली पोरं. गावोगावच्या कृती दलांनी चौदाचा ठराव केला होता, मुंबईतली चाकरमान्यांची मंडळं दहासाठी अडून बसली होती. अखेर परिवहनमंत्री अनिल परब यांनी जाहीर केलं की कोकणात जाणाऱ्यांनी दहा दिवस घरी वेगळं राहावं. एसटीने येणाऱ्याला ई-पास लागणार नाही, आणि बारा तारखेनंतर येणाऱ्याने निघण्यापूर्वी चाचणी करून घ्यावी. बावीसमधून दहा वजा केले की बारा. आकडा पंचांगाने ठरवला होता.

त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. विषाणूला गणपती कळतो का, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. पण या आकड्याचा माग काढत मागे गेलं की दिसतं ते असं: साथीच्या काळात माणसाने किती दिवस वेगळं राहायचं हे एकट्या रोगाने कधीच ठरवलेलं नाही. रोग एक बाजू मांडतो, पोट, व्यापार आणि सणवार दुसरी, आणि आकडा म्हणजे त्या दोघांत झालेला तह. २०२०चा कोकणातला तह हा त्या लांबलचक मालिकेतला एक. आणि माझ्या मते त्यातला बऱ्यापैकी शहाणा.

या तहाची जागा म्हणून मी पाली डोळ्यांसमोर ठेवतो. रत्नागिरी शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई–गोवा महामार्गावरचं हे बाजारपेठेचं गाव. लक्ष्मीपल्लीनाथ हे ग्रामदैवत. हातखंब्याकडून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा लांजा-राजापूर करत सिंधुदुर्गाकडे जातो, दुसरा नाणीज, साखरपा आणि आंबा घाट करत कोल्हापूरला चढतो. महामार्गाने तळकोकणात जाणारा चाकरमानी पालीवरूनच पुढे जातो. सुरुवातीच्या महिन्यांत जिल्ह्यातल्या संशयितांच्या घशातले नमुने तपासायला मिरजेला जात, आणि मिरजेकडे चढणारा घाटरस्ताही इथूनच सुटतो. रत्नागिरीत प्रयोगशाळा झाली ती नंतर. अशा नाक्यावरच्या गावाला दार लावून बसणं परवडत नाही. बाजार बंद पडला तर भोवतालच्या वाड्यांची मीठ-मिरचीसुद्धा अडते.

साथ आली तीच मुळी शिमग्यात. होळी ९ मार्चला झाली होती. आमच्याकडे होम झाला की शिमगा संपत नाही, तिथून तो सुरू होतो. पालखी देवळातून निघते, सहाणेवर बसते, मग घरोघर फिरते. ओटीवर पाट मांडून ठेवलेला असतो, सुवासिनी ओटी भरतात, गाऱ्हाणं घातलं जातं. पालखीच्या दांड्याला पाच-पन्नास खांदे लागतात आणि प्रत्येक घराच्या अंगणात सगळी वाडी गोळा होते. ऐन या दिवसांत, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, गुहागर तालुक्यात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. राज्य सरकारने १८९७चा साथरोग कायदा नुकताच लागू केला होता. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के बसत होते. कित्येक ठिकाणच्या पालख्या फेरी आवरती घेऊन देवळात परतल्या. २५ मार्चला गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवशी देश बंद झाला.

मग गावांनी आपापले रस्ते बंद केले. कुठे झाडं आडवी पाडली, कुठे जांभ्याचे चिरे रचले, कुठे बांबू बांधून त्याला पाटी लटकवली. मुंबईत पाण्याच्या बाटलीलाही महाग झालेली काही माणसं कोकण रेल्वेच्या रुळांवरून चालत गावाकडे निघाली होती. त्यातल्या कित्येकांना गावाच्या सीमेवर आपल्याच माणसांनी अडवलं. हे विसरता येत नाही. ज्यांच्या मनीऑर्डरींवर इथली घरं शाकारली गेली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, नमन-खेळ्यांचे कपडे शिवले गेले, त्यांना दोन महिने ‘मुंबईहून आलेले’ एवढीच ओळख उरली होती. भीती खरी होती. गावात राहिलेली माणसं बहुतेक म्हातारी, श्वासयंत्र म्हटलं की रत्नागिरीच गाठायची, आणि तिथेही यंत्रं मोजकी. पण भीती खरी असली म्हणून वागणं योग्य ठरत नाही.

मे महिन्यात पास मिळू लागले आणि माणसांचा लोंढा आला. कशेडी घाटात तपासणी नाका होता, तिथे रांगा लागल्या. याच काळात जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने उभी राहिलेली ग्राम कृती दलं खऱ्या अर्थाने कामाला लागली. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीसेविका, आणि वाडीवाडीतून दोन-चार तरुण. त्यांच्या बैठकांत पहिल्यांदा प्रश्न बदलला. ‘येऊ द्यायचं का?’ मागे पडलं, आणि ‘कुठे ठेवायचं, किती दिवस, आणि जेवण कोण देणार?’ हे पुढे आलं. मला वाटतं, साथीतली खबरदारी इथून सुरू होते. त्याआधी जे होतं ते नुसतं घाबरणं.

हे ‘कुठे ठेवायचं’ जवळून पाहण्यासारखं आहे. कोकणातलं घर बाहेरून मोठं दिसतं, पण मातीच्या भिंतींच्या आत माणसं दाटीनेच राहतात. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि बऱ्याच घरांत एकच संडास, तोही परसात. माझ्या पाहण्यातल्या एका घरी मुलगा विरारहून आला. घरात ऐंशीच्या घरातले वडील, आई, थोरला भाऊ, वहिनी, तिची दोन मुलं. शाळेतली खोली भरलेली होती. मग त्याला मांगरात ठेवायचं ठरलं. गुरं विकल्यापासून तो मांगर रिकामाच होता, त्यात पेंढा आणि नांगराचे तुकडे पडलेले. भावाने तो झाडला, शेण सारवलं, एक दिवा ओढून दिला, पत्रे लावून आडोसा केला आणि त्यामागे चर खणून दिला. अंगणाच्या मधोमध एक चिरा ठेवला. आई ताट आणून चिऱ्यावर ठेवायची आणि पाच पावलं मागे सरायची. तो येऊन ताट उचलायचा, मांगराच्या उंबऱ्यावर बसून जेवायचा. ताट त्याचंच, घासायचं त्यानेच, राख आणि साबण त्याच्याकडे दिलेला. जेवण होईपर्यंत आई पायरीवर बसून राही. “आये, जेवलीस काय गं?” “मी जेवलंय. तू भात घे अजून, टोपात हाय.” आशाताई एक दिवसाआड फाटकापर्यंत येऊन ताप-खोकला विचारून वहीत लिहून जायची. अशी चौदा दिवस.

या चित्रात कायदा कुठे दिसत नाही. दिसते ती सोय. माणूस वेगळा राहिला, कारण त्याला जेवण वेळेवर मिळत होतं, शौचाला जागा होती, आणि आई नजरेसमोर होती. हे जिथे जमलं नाही, जिथे चार अनोळखी कुटुंबं एका वर्गात घातली आणि नळाला पाणी नव्हतं, तिथे लोक रात्री निसटून घरी गेले. त्यांना बेजबाबदार म्हणणं फार सोपं आहे.

आता आकड्याकडे येतो. चौदा कुठून आला? कोविडची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाचेक दिवस जातात. २०२०च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार ज्यांना लक्षणं येतात त्यांतल्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात. चौदा हा त्यावर थोडी पासंगाची भर घातलेला आकडा. म्हणजे चौदामध्येही एक निवड होतीच. एखाद-दुसरा सुटेल ते चालवून घेऊ, पण महिनाभर कोणाला कोंडणार नाही, अशी.

जुन्या बंदरांनी याहून कडक निवड केली होती. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा या व्यापारी शहराने, आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. पुढे व्हेनिससारख्या बंदरांत तिसाचे चाळीस झाले. जंतू कोणाला माहीत नव्हते, तेव्हा आकडा जितका मोठा तितका धीर मोठा. पण जहाज चाळीस दिवस बंदराबाहेर उभं ठेवणं म्हणजे माल कुजणं, भांडवल अडकणं. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि ब्रिटनसारख्या व्यापारी सत्तेला हे दिवस असह्य वाटू लागले. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदांमधून वर्षानुवर्षं भांडण चालू राहिलं. एका बाजूला ‘अडवून ठेवा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘तपासा आणि सोडा’ म्हणणारे.

त्या भांडणात आपली मुंबई एकदम मध्यभागी आली ती १८९६च्या सप्टेंबरात. मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. तेव्हा शहराची वस्ती आठ-साडेआठ लाखांची. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली, असे समकालीन अंदाज आहेत. आणि मुंबई म्हणजे तेव्हाही अर्धी रत्नागिरीच होती. १८८१च्या जनगणनेत मुंबईतले सव्वा लाखाच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. ते गिरण्यांत होते, गोद्यांत होते, घरकामाला होते. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. हिवाळ्याचे दिवस, समुद्र खुला, आगबोटी चालू. रत्नागिरी, जयगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांवर माणसं उतरली. २०२०च्या मे महिन्यात कशेडीला जे झालं, त्याची पहिली आवृत्ती ही.

युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर बंधनं घातली. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरली आणि प्लेगाच्या जहाजांसाठी दहा दिवसांची मुदत ठरली. जगाला काहीतरी करून दाखवणं हिंदुस्थान सरकारला भाग होतं. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. चार कलमांचा, जेमतेम पानभराचा. सरकारला हवे ते नियम करता येतील, प्रवाशांना आणि जहाजांना अडवून तपासता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि नियम राबवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने जो लावला तो हाच. १२३ वर्षांत त्याच्या गाभ्याला कोणी हात लावला नव्हता. त्यात माणसाला वेगळं ठेवण्याचा अधिकार आहे. वेगळं ठेवलेल्याला जेवायला कोण घालणार, यावर एक शब्द नाही.

या कायद्याचं काय झालं ते पुण्याने पाहिलं. वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरं तपासली. माजघरांत, देवघरांत, स्वयंपाकघरांत बूट घालून माणसं शिरली. रुग्णाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामान जाळायला. लोक रुग्ण लपवू लागले. प्रेतंसुद्धा लपवू लागले. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्या काळात पुण्यातच थांबले होते, हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ चालवण्यात त्यांचा हात होता, आणि ‘केसरी’तून ते प्लेग समितीवर टीकाही करत होते. या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नाही, आणि ती नव्हतीच. रुग्ण वेगळा ठेवायला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो तसा ठेवण्याच्या रीतीला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या माळावर, मुलगा डॉ. यशवंत याने थाटलेल्या दवाखान्यात, रुग्ण आणून पोचवत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच आजाराने त्या गेल्या. साथीच्या इतिहासात आदेश काढणारे पुष्कळ असतात, रुग्णाला पाठीवर घेणारं असं एखादंच.

मुंबईतही ९ मार्च १८९८ला एका मुलीला तपासायला गेलेल्या पथकावरून दंगल पेटली. त्यानंतर सरकार वरमलं. जातीजातींची, समाजासमाजांची स्वतंत्र इस्पितळं मान्य झाली, सैनिक मागे घेतले गेले, समजूत घालून काम होऊ लागलं. सर्वांत लक्षात राहण्यासारखी तडजोड मद्रास इलाख्याने केली. लागण झालेल्या मुलखातून येणाऱ्याला अडवून न ठेवता त्याला प्लेगचा परवाना द्यायचा. त्याने आपल्या गावी जावं, आपल्या घरी राहावं, फक्त दहा दिवस रोज स्थानिक अधिकाऱ्यापुढे हजर होऊन तब्येत दाखवावी. फाटकापर्यंत येऊन वहीत ताप लिहिणाऱ्या आशाताईची आजी मला या परवान्यात दिसते. आकडाही दहाचाच.

खरं तर प्लेगबाबत तेव्हाचे सगळेच चुकीच्या दिशेने पाहत होते. माणसाकडून माणसाला होण्यापेक्षा तो उंदरांच्या पिसवांतून पसरत होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये ते दाखवलं, आणि मान्य व्हायला आणखी दहा वर्षं लागली, तीही परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे. तोवर देशावरच्या खेड्यांनी आपलं उत्तर शोधलं होतं. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं, रानात, माळावर, शेतात झोपड्या घालायच्या, आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचं. शेतीची कामं चालू, चूल चालू, गुरं दावणीला. शाळासुद्धा झाडाखाली. माणसाला माणसापासून तोडण्याऐवजी सगळ्यांनी मिळून घर सोडायचं. हा उपाय छावण्यांपेक्षा जास्त जीव वाचवणारा ठरला आणि सरकारनेही मग तोच उचलून धरला.

गाव सोडून जाण्याची ही रीत कोकणाला परकी नव्हती. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला ठराविक वर्षांनी आजही गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेतला जातो, ढोल वाजतो आणि सगळा गाव बायका-पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्यांसह वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस नाही. बाहेर माळावर राहुट्या, झोपड्या, एकत्र रांधणं, रात्री गाणी-भजनं. चिंदर, वायंगणी, मुणगे, वैभववाडीतलं शिराळे इथेही आपापल्या रिवाजाने हे घडतं. गावपळण म्हणजे पूर्वजांनी शोधलेली साथप्रतिबंधक योजना, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. मला ती घाई वाटते. लोक ती देवाच्या आज्ञेने पाळतात, आणि तेवढं कारण त्यांना पुरेसं आहे. मात्र एक गोष्ट त्यात निर्विवाद आहे: सगळा गाव एका दिवशी रोजचं जगणं उचलून दुसरीकडे नेऊ शकतो आणि चौथ्या दिवशी परत आणू शकतो, याची तालीम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अशा माणसांना ‘दहा दिवस मांगरात राहा’ हे नव्याने शिकवावं लागत नाही.

घराच्या आतही अशा तालमी होत्या. देवी किंवा गोवर आला की आजारी मुलाला एका खोलीत ठेवत. दाराला कडुलिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, पाहुणा बंद, त्या मुलापाशी एकच बाई. देवीची शेवटची भारतीय लागण १९७५च्या मे महिन्यात सापडली. त्याआधीच्या मोहिमेत रुग्णाच्या दाराशी रात्रंदिवस पहारेकरी बसवावे लागले. जिथे डहाळ्याची खूण लोक मानत, तिथे पहारेकऱ्याचं काम सोपं झालं असणार. आणि सुतक. भावकीत कोणी गेलं की दहा दिवस देवाला हात नाही, कोणाकडे जाणं-येणं नाही. गणपतीच्या तोंडावर सुतक आलं तर त्या घरचा गणपती थांबतो किंवा पूजा दुसऱ्याच्या हातून होते. त्यामुळे ‘दहा दिवस’ आणि ‘गणपती’ हे दोन शब्द एकत्र ऐकायची कोकणातल्या घरांना सवय आहे. सरकारच्या दहाला वाडीतल्या म्हाताऱ्यांनी पटकन मान डोलावली, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

पण याच वंशावळीत एक वाईट फांदीही आहे आणि ती गाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. देशावर पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा काढत. देवीची पूजा करून गाडा ओढत वेशीपर्यंत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. त्या गावाने पुढच्या गावाच्या हद्दीत. रोग गेला म्हणजे आपल्या शिवेपलीकडे गेला, एवढीच त्यात कल्पना. एप्रिल २०२०मधले आडवे पाडलेले ओंडके हे त्या गाड्याचेच वंशज. त्याहून खोल जखम जातीची. आपल्या समाजाने काही माणसांना शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या स्पर्शाला विटाळ म्हटलं, त्यांची भांडी वेगळी, त्यांचं पाणी वेगळं. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. १९२७च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी लोक प्याले, तर नंतर त्या तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं. सुतकाला अकरावा दिवस असतो. या वेगळेपणाला शेवटचा दिवसच नव्हता, म्हणून त्यात खबरदारीचा अंशही नाही. २०२०मध्ये चौदा दिवस पुरे करून आलेल्या माणसालाही जिथे पाणवठ्यावर टाळलं गेलं, तिथे आकडा संपला होता आणि जुनी सवय जागी झाली होती. वेगळं ठेवायच्या दिवसांना आकडा लागतो तो यासाठीही. तो केवळ कधीपर्यंत थांबायचं हे सांगत नाही, कधी दार उघडायचंच हेही सांगतो.

१९१८च्या इन्फ्लुएंझात आकड्याची वेळच आली नाही. लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांत ताप, रेल्वेच्या वेगाने प्रसार, आणि सरकार युद्धात गुंतलेलं. देशभर सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसं गेली. प्लेगने कायदा मागे ठेवला, देवीने लस. या साथीने मागे फारसं काही ठेवलं नाही, आठवणसुद्धा.

पुन्हा २०२०च्या ऑगस्टमध्ये येतो. दहाचा निर्णय झाला, एसटीच्या गाड्या सुटल्या. जूनमधल्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडची छपरं उडालेली, नारळी-पोफळी आडव्या झालेल्या. तिकडच्या चाकरमान्यांना गणपतीइतकीच घर सावरायची ओढ होती. घरगुती मूर्ती दोन फुटांची, सार्वजनिक चार फुटांची, असे नियम आले. मांगरात, पडवीत, माळ्यावर दहा दिवस काढून माणसं गणपतीच्या दिवशी माजघरात आली. आरती घरच्यांपुरती, भजनाच्या फेऱ्या बंद, विसर्जनाला दोन माणसं. सप्टेंबरात रुग्ण वाढले, हे खरं. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातच वाढले होते. पण दहाऐवजी चौदावर अडून बसलो असतो तर काय झालं असतं, याचं उत्तर एप्रिल-मे महिन्याने दिलेलं होतं. लोक आडवाटांनी, रात्री, न सांगता आले असते. वहीत नाव नसलेला एक माणूस नाव असलेल्या दहा माणसांपेक्षा धोक्याचा असतो. त्या वर्षीच्या २ डिसेंबरला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही लक्षणं नसलेल्यांसाठी चौदाचे दहा केले, चाचणीत लागण दिसली नाही तर सात. कारण दिलं ते हेच: मुदत कमी केली तर जास्त लोक ती पाळतील. कोकणात ते चार महिने आधी झालं होतं.

म्हणून प्रत्येक तडजोड शहाणी होती असं मी म्हणणार नाही. २०२१च्या मार्चमध्ये, दुसरी लाट डोळ्यांसमोर उभी असताना, सरकारने कोकणापुरतं वेगळं सांगितलं की पालखी घरोघर नेऊ नये, दर्शनाची सोय देवळातच करावी. कित्येकांना ते झोंबलं. देव आपल्या दारी यायचा, आता आपण त्याच्या दारी रांगेत उभं राहायचं. तरी तिथे तडजोडीला जागा नव्हतीच. पालखी खांद्याला खांदा लागल्याशिवाय हलत नाही आणि दहा दिवस वेगळी ठेवलेली पालखी असं काही नसतं. जूनमध्ये राज्य खुलं होऊ लागलं तेव्हा रत्नागिरी चौथ्या स्तरात, म्हणजे कडक निर्बंधांत होती. संगमेश्वर तालुक्यात विषाणूचा बदललेला प्रकार सापडला होता. त्या महिन्यांत नात्यातली, ओळखीतली माणसं गेली. त्यांच्या दहाव्याला कोणी जाऊ शकलं नाही.

पुढे आकडा उतरत गेला. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सौम्य रुग्णांसाठी घरी राहायची मुदत सात दिवसांवर आणली. १ एप्रिलला राज्यातले निर्बंध उठले, पाडवा दुसऱ्या दिवशी होता.

या सगळ्यातून माझ्या मनात एक काळजी उरली आहे. १८९७ मध्ये रत्नागिरीच्या बंदरांवर उतरलेल्या माणसांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक साहेबांच्या अहवालांतलं. किती उतरले, किती तपासले, किती मेले. त्यांना कुठल्या घराने पडवी दिली, ताट कोणी ठेवलं, कोणी दार लावलं, ते कोणी लिहिलं नाही. २०२०चं मात्र लिहिलेलं आहे. पालीपासून थेट दोडामार्गापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीकडे कृती दलाच्या वह्या आहेत. कोण कधी आलं, कुठून आलं, शाळेत ठेवलं की मांगरात, ताप आला का, कितव्या दिवशी सोडलं. कुठे त्या कपाटात आहेत, कुठे आशाताईच्या घरी पिशवीत, कुठे शाळेच्या अडगळीत. आमच्याकडचा पावसाळा आणि वाळवी कागदाला दहा वर्षंही देत नाही. ग्रामपंचायतींनी त्या आताच मागवून घ्याव्यात, जिल्हा परिषदेने त्यांची छायाचित्रं काढून जपावीत, घरांची नावं झाकून ठेवावीत. पुढच्या साथीत कोणीतरी पुन्हा विचारणारच आहे, किती दिवस. तेव्हा उत्तर शोधायला व्हेनिसपर्यंत जायची गरज पडू नये.